अनसूयाबाईचा मेसेज

मोठ्या बाईला अक्षर शिकवायचं असेल तर आधी तिच्या डोक्यावरचा दळणाचा डबा उतरवायला हात लावावा लागतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मला ते मुकुंदवाडीतल्या पिठाच्या गिरणीनं शिकवलं.

मी काही खरीखुरी शाळेतली बाई नव्हे. लासूर स्टेशनला चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इकडं आले. सासरी वाचायला काही नव्हतं, म्हणून किराणाच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायचे. अर्धी बातमी एका पुडीवर, उरलेली अर्धी कधीच नाही. लेकरं मोठी झाल्यावर घरी अभ्यास करून दहावीला बसले आणि तिसऱ्या खेपेला सुटले. पुढं साक्षरतेच्या मोहिमेत शिकवायला बायका पाहिजे होत्या, तिथं नाव दिलं. मोहीम संपली, पाटी उतरली, मानधन बंद झालं. मी मात्र तशीच शिकवत राहिले. कुणी मला थांबा म्हणून सांगायलाच आलं नाही.

जागा रफिकभाईंची. गल्लीच्या तोंडाशी त्यांची गिरणी. एकदा मी खडूच्या डब्यासह रस्त्यावर उभी राहून बायकांना जमवत होते, तर ते दारातून म्हणाले, "बाई, उन्हात कशाला शिकवता? दोन ते चार गिरणी बंदच असते. मी जेवतो, नमाज पढतो, जरा पडतो. तेवढ्यात तुमची शाळा भरवा. फकत पट्ट्याला कुणाला हात लावू देऊ नका."

गिरणीचा मोठा फायदा म्हणजे बायकांना वर्गाला बोलवावं लागत नाही. दुपारी डबा नंबरला लावायचा आणि चार वाजेपर्यंत थांबायचं. घरी जाऊन परत येण्यापेक्षा बसलेलं बरं, असं म्हणत म्हणत बाया बसायला लागल्या. गल्लीतल्या मंडळानं सतरंजी दिली. शाळेतले एक गुरुजी खडूचे तुकडे गोळा करून पाठवायचे. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, त्या दिवशी वर्ग ओस पडायचा, तर सुनांनी पाळ्या लावून घेतल्या. एकीनं चार घरांचं पाणी भरायचं, त्या घरांतल्या सासवांनी शिकायचं. सुना इतक्या राजीखुशीनं का तयार झाल्या, ते मला मागाहून कळलं. दोन तास सासू घराबाहेर.

पाटीची गरजच नव्हती. पत्र्याच्या मोठ्या परातीत पिठाची धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवला, संपलं. मोठ्या माणसाला चूक पुसली गेलेली फार आवडते. वहीवर लाल शाईनं फुली मारली की दुसऱ्या दिवशी ती बाई येत नाही, ही गोष्ट लिहून ठेवा. आणि त्यांना लेकरांच्या पुस्तकातून शिकवायचं नाही. एक आजी मला म्हणाली होती, "कमळ मी जन्मात बघितलं नाय. मला कढईचा क शिकीव."

म्हणून मी डब्यांवरून सुरुवात केली. गिरणीत डबे ओळखायला कुणी चिंधी बांधायचं, कुणी चुन्याचा ठिपका लावायचं. रफिकभाई तर पडलेल्या पोच्यावरून डबा सांगायचे. मी म्हणलं, प्रत्येकीचं नाव रंगानं डब्यावर लिहू. नाव म्हणजे आपल्याकडं पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. तर एकीनंही लिहू दिलं नाही. म्हणे, "त्यांचं नाव घातलेला डबा भुईवर कसा टेकवू?" मग नुसतं बाईचं नाव लिहिलं. गल्लीत जिला सगळे गजूची आई म्हणायचे तिचं नाव प्रयाग होतं, हे तिच्या शेजारणीला वीस वर्षांनी डब्यावर कळलं.

या वर्गात टाळेबंदी उठल्यानंतरच्या साली अनसूयाबाई आली. साठीच्या आतबाहेरची, सडपातळ, कपाळावर गोंदण. मालक वारलेले. थोरला मुलगा बिडकीनकडं कंपनीत शिफ्टला जाणारा. डबा उतरवल्या उतरवल्या तिनं पदरातून मोबाइल काढला. मुलाचा जुना, पडद्याला तडा गेलेला.

"बाई, मला ह्याच्यातलं वाचता यायला पायजे. बाकी काय नाय आलं तरी चालंल."

तिची धाकटी मुलगी पूजा. पूजाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलताही येत नाही. लहानपणीच तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं होतं, तिथं ती लिहा-वाचायला शिकली. तिच्यासारखाच मुलगा पाहून पुण्याकडं लग्न करून दिलं होतं. दुसऱ्या मायलेकी फोनवर बोलतात. ह्या दोघींना फोन काय कामाचा? व्हिडिओवर एकमेकींची तोंडं दिसायची, पण घरच्या खुणा त्या केवढ्या? भूक, तहान, ताप, झोप. मनातलं सांगायची खूण त्यांच्या घरात कुणी कधी केलेलीच नव्हती, आणि पूजा शाळेत शिकलेल्या खुणा आईला येत नव्हत्या. पूजा मेसेज लिहायची आणि अनसूयाबाई तो घेऊन गल्लीत फिरायची. किराणा दुकानात, नळावर, जो भेटेल त्याच्यापुढं फोन धरायचा. "बघा वं, काय म्हनती माझी पोरगी?"

गल्ली आवडीनं वाचायची. पूजानं वांग्याची भाजी केली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला माहीत. वर्गात यायला लागल्यावर हे वाचनाचं काम माझ्याकडं आलं. मला पहिल्यापासून मोठ्यानं वाचायची सवय, पुड्यांवरचंही मी मोठ्यानं वाचायचे.

एके दिवशी तिनं फोन दिला आणि मी वाचत सुटले. पूजानं लिहिलं होतं की सासू तिला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही, आतल्या खोलीत बसवते, आणि नवरा तिची बाजू घेत नाही. पहिल्या ओळीलाच थांबायला पाहिजे होतं. पण वाचणाऱ्याला पुढची ओळ ओढते. मी शेवटपर्यंत वाचलं, तेही चांगलं हेल काढून. पंधरा बायका ऐकत होत्या. त्यातल्या चंद्रकलाची बहीण पूजाच्या सासरच्या शेजारी राहणारी. चंद्रकला मनाची वाईट नव्हे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठ दिवसांत गोष्ट पुण्याला पोहोचली आणि सासूनं पूजाला जाब विचारला.

त्यानंतर पूजाचा मेसेज रोज एकच यायचा. "मी ठीक आहे. जेवले."

अनसूयाबाई मला एका शब्दानंही बोलली नाही. अभ्यासाला मात्र अशी लागली की बाकीच्या बाया तिला मास्तरीण म्हणायला लागल्या. दोन महिन्यांत मोहिमेच्या वेळचं आमचं वाचनाचं पुस्तक खडाखडा. सई सासरी आली, सईनं विहिरीचं पाणी शेंदलं, कुठं अडखळणं नाही. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा स्वतःवरच खूष होते.

त्याच दिवसांत सरकारनं साक्षरतेचं काम पुन्हा काढलं आणि वर्ग पाहायला शिक्षणाच्या ऑफिसातून साहेब यायचे ठरले. गल्लीनं लग्नघरासारखी तयारी केली. मंडपवाल्यानं खुर्च्या फुकट दिल्या, रफिकभाईंच्या घरून चहा, गिरणी अशी झाडून काढली की पिठाचा कण सापडू नये. मी अनसूयाबाईला पुढं बसवलं आणि पुस्तक हातात दिलं.

तिनं वाचायला सुरुवात केली. पान संपलं. तिनं पान उलटलं नाही, पण पुढच्या पानावरच्या दोन ओळी बोलून झाल्या. मग लक्षात आल्यासारखं पान उलटलं. साहेब टाळ्या वाजवत होते. तिला सगळं पुस्तक तोंडपाठ होतं. ती वाचत नव्हतीच.

साहेब भले माणूस. खूष होऊन खिशातला एक छापील कागद त्यांनी तिच्या हातात दिला. "मावशी, आता हेही वाचून दाखवा."

अनसूयाबाईनं कागद हातात धरला. मग मागून आमच्या बाया मदतीला धावल्या. "म्हन की, सूचना!" "नाय नाय, सर्वांना!" ज्यांना कालपरवा अक्षर आलं त्याही ओरडून सांगायला लागल्या, दारातल्या सुनाही. गल्लीची माया अशी. अनसूयाबाईनं कागदाची नीट घडी घातली, साहेबांना परत दिला आणि म्हणाली, "चष्मा घरी ऱ्हायला."

तिच्याकडं चष्मा नव्हता.

साहेबांनी मान डोलावली आणि तिच्या नावापुढं खूण केली. सरकारी यादीत अनसूयाबाई त्याच दिवशी साक्षर झाली. वर्गात यायची मात्र ती त्याच दिवसापासून थांबली.

दहा-बारा दिवस मी वाट पाहिली. मग नळाला पाणी यायच्या दिवशी तिच्या घरी गेले, कारण घरात सून नसलेली बाई त्या दिवशी घर सोडून कुठं जात नाही. ती दारातल्या ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी म्हणलं, "वर्ग का सोडला?"

"बाई, तुमी म्हनला, मला वाचता येतं."

"मला तसंच वाटलं होतं गं."

"मलाबी." पाइप तिनं दुसऱ्या हातात घेतला. "आमी जात्यावर गानी शिकलो. एकदा ऐकलं की ऱ्हातं. तुमी वाचायचा, मला ऱ्हायचं. मी पुस्तकाकडं बघायची, तोंडातून यायचं. मला वाटायचं ह्यालाच वाचनं म्हनतात."

मी इतकी वर्षं शिकवत होते. वाचणारा आणि म्हणणारा यांच्यातला फरक मला डोळ्यासमोर दिसला नव्हता. हे मी तिला सांगितलंसुद्धा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आनखी येक हाय. त्या दिशी पूजाचा मेसेज तुमी मोठ्यानं वाचला. मी तवा काय बोलले नाय. आता बोलते. माझी पोरगी माझ्याशी बोलायची थांबली ती तवापासनं."

ड्रम भरून वाहायला लागला. आमच्या शहरात वाहतं पाणी बघून कुणीही धावतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. शेवटी समोरची बाई ओरडली, तेव्हा अनसूयाबाईनं पाइप काढून हंड्यात सोडला.

"मी यीन," ती म्हणाली. "पर आजपासनं माझा मेसेज कुनी वाचायचा नाय. दुकानात नाय, नळावर नाय. तुमीबी नाय."

"अगं, आणि पोरीला काही कमी-जास्त झालं तर?"

"आता रोज 'मी ठीक आहे' ऐकते, त्यातून तरी मला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी वर्गात उभं राहून आधी माझी चूक सांगितली, मग तिची अट. चंद्रकला खाली मान घालून परातीतल्या पिठात रेघोट्या मारत होती. रफिकभाई जेवायला निघाले होते ते थांबले. म्हणाले, "मेरी गिरणी में आजसे इनका मेसेज कोई नहीं पढेगा. किराणावाल्यालाही मी सांगतो."

आजवर गल्लीनं वर्गाला सतरंजी दिली, खडू दिले, चहा दिला. देणं सोपं असतं. वाचता येत असून न वाचणं लई अवघड गेलं. किराणावाल्यानं दोनदा फोन हातात घेऊन परत दिला, असं तोच कौतुकानं सांगायचा. एक कॉलेजात जाणारी सून म्हणाली, "बाई, नजर पडली की वाचलंच जातं हो, मी तोंड फिरवून घेते." हेल्मेटचा नियम न पाळणाऱ्या आमच्या गल्लीनं हा नियम पाळला.

मी एक काम केलं. अनसूयाबाईच्या मुलाला त्याच्या फोनवरून पूजाला लिहायला सांगितलं की आई वाचायला शिकतेय, आता तुझा मेसेज दुसरं कुणी वाचत नाही, तिला झेपेल असं लिही.

दोन दिवसांनी पूजाचा फोटो आला. कपबशीचा. खाली एक शब्द. अनसूयाबाईनं फोन गुडघ्यावर ठेवला, परातीत एकेक अक्षर काढून पाहिलं आणि म्हणाली, "चहा." दुसऱ्या दिवशी चपलेचा फोटो, खाली चप्पल. मग घागर, खिडकी, मांजर. रोज नवा शब्द, त्यामुळं पाठ करायला काही उरलंच नाही. पण माझ्या लक्षात आलं की ती अक्षराआधी चित्र बघतेय. मी सांगायचे, "डोळे खाली, चित्रावर नको." ती व्हय म्हणायची आणि पुन्हा चित्रावरच बघायची.

हे पुण्यात बसून पूजाला कसं कळलं कोण जाणे. एक दिवस तव्यावरच्या पोळीचा फोटो आला. अनसूयाबाई फोन उघडता उघडताच म्हणाली, "पोळी." आणि थांबली. बोट अक्षरावर ठेवलं. "भ... भा... त. भात?" पुन्हा वर पोळीकडं पाहिलं, पुन्हा खाली. मग तिला हसू फुटलं. "बाई, ही पोरगी मला फशिवती वं." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. आणि ती वाचते आहे, हेही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मागाहून मी विचार करत बसले. पूजा आवाज न ऐकता अक्षर शिकली होती. शिकताना माणूस कुठं कुठं लबाडी करतो, चित्र बघतो, बाईच्या ओठांकडं बघतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मी दहावी तिसऱ्या खेपेला पास, त्यामुळं मला त्याचं वाईट वाटलं नाही. आईला लेकीनंच शिकवलं. मी फक्त परातीत पीठ टाकायचे.

हळूहळू फोटो बंद झाले. दोन शब्द आले, मग तीन. "आज गॅस संपला." "पाऊस नाही." अनसूयाबाई ते वाचायची आणि आम्हाला स्वतःच सांगायची, "तिच्याकडं गॅस संपलाय." सांगायचं ते ती सांगायची, नाही ते नाही. उत्तरही द्यायला लागली, एका ओळीला अर्धा तास.

आठ-नऊ महिने गेले असतील. एका दुपारी ती आली, डबा स्वतःच उतरवला आणि नेहमीच्या जागी न बसता जात्याच्या बाजूला, भिंतीकडं जाऊन बसली. फोन उघडला. मी लांबूनही पाहिलं, पडदा वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेला. एवढा मोठा मेसेज पूजानं त्या वाईट दिवसानंतर कधी पाठवला नव्हता.

तिचं बोट चालायला लागलं. मी बाकीच्यांना जोडाक्षरं शिकवत होते, पण माझं ध्यान कुठं त्यात? मधेच बोट थांबायचं, मागं जायचं, तीच ओळ पुन्हा. एकदा तिनं परातीत एक अक्षर काढून पाहिलं, लगेच पुसलं. एकदा पदर डोळ्याला लावला. मला वाटलं उठावं, जवळ जाऊन एवढंच म्हणावं, दे इकडं, मनातल्या मनात वाचते. ही जुनी खोड काही जात नाही. तीन वाजले, साडेतीन झाले. मग तिनं फोन छातीशी धरला आणि डोळे मिटून बसली.

मी गेलेच. शेजारी टेकले. "वाचलं सगळं?"

"व्हय."

"काय म्हणते पूजा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. लेकरानं न विचारायचं विचारलं की आपण बघतो, तसं पाहिलं. "बाई, ते माझ्यासाठी हाय."

"बरं," मी म्हणलं.

"आता मला जरा लिवायचंय." आणि तिनं माझ्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड करून, पदराचा आडोसा धरून, एकेक अक्षर दाबायला लागली. एवढ्या वर्षांत कितीतरी जणींनी मला नमस्कार केला, साड्या-खण दिले. कुणी पाठ केल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही.

चार वाजले. रफिकभाई आले, बटणाकडं हात नेला, आणि भिंतीकडं तोंड करून बसलेली अनसूयाबाई पाहून तो हात खाली घेतला. मी वर्गातल्या बायांना खुणेनं बाहेर काढलं. दारात दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, सगळ्यात पुढं चंद्रकला. तिनं आत डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागली. "पूजाचा आलाय ना? काय लिहिलंय वं?"

"मला काय माहीत."

"तुमी इचारलं नाय?"

"विचारलं. सांगितलं नाही."

चंद्रकलानं आणखी एकदा आत पाहिलं. मग डोक्यावरचा डबा खाली उतरवला, ओट्यावर बसली आणि मागच्या बायांना म्हणाली, "बसा गं. तिचं व्हायचंय आजून."